घोरपडीचा खांदा

फ्रीज उजव्या खांद्यावर होता. मास्तरांनी पुन्हा पाहिलं. समोरून येणाऱ्या माणसाचा डावा खांदा आपल्याला उजवा वाटतो, म्हणून त्यांनी मनातल्या मनात स्वतःला त्याच्या जागी उभं केलं, त्याच्या दिशेला तोंड केलं आणि पुन्हा ताडून बघितलं. उजवाच. एका हाताने वरची कड धरून, मान जराशी तिरकी करून त्यांच्या तालमीतला घोरपड तो फ्रीज सामानाच्या गाडीतून समोरच्या इमारतीत नेत होता, आणि वर मागच्या माणसाशी हसून काहीबाही बोलतही होता. मास्तर पितळी पट्ट्यांवर नावं कोरणाऱ्याच्या दुकानात उभे होते. संध्याकाळी कॉलेजच्या शेवटच्या वर्षातल्या पैलवानांचा निरोपसमारंभ; दरवर्षीप्रमाणे मास्तरांनी उभं राहून एकेकाची कारकीर्द सांगायची, मग प्राचार्यांच्या हस्ते पट्टी. कोरणारा विचारत होता, "दुसऱ्या पट्टीवर नावाखाली काय घालू?" आणि दुसरी पट्टी नेमकी घोरपडीचीच होती. तेवढ्यात घोरपड खाली परत आला. फुटपाथवर उभा राहून त्याने उजवा हात खांद्यातून गरागरा फिरवला, पुढून मागे, मागून पुढे, तालमीत अंग मोकळं करताना फिरवायचा तसा. मास्तर काचेच्या कपाटाआड सरकले. सरकल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण लपलो. तीस वर्षांत एकाही पोरापासून ते लपले नव्हते. पोरं त्यांच्यापासून लपायची. म्हणजे खोटं बोलणारा तो आणि तोंड लपवणारे आपण, हा कुठला न्याय, असं त्यांना वाटलं आणि स्वतःचाच राग आला. "काही घालू नका," ते कोरणाऱ्याला म्हणाले, "नुसतं नाव ठेवा."

कारण गेल्याच आठवड्यात हा पोरगा त्यांच्यासमोर उभा होता, सदऱ्याच्या गळ्यातून खांद्याची पांढरी चिकटपट्टी डोकावत होती, आणि "कसा आहे खांदा?" असं विचारल्यावर खाली बघून म्हणाला होता, "दुखतो सर अजून. बादलीसुद्धा उचलवत नाही." बादली उचलवत नाही आणि फ्रीज उचलवतो! मास्तर घरी चालत निघाले तेव्हा डोक्यात हे एवढंच वाक्य होतं, आणि ते काही केल्या जागचं हलेना. बरा झाला असेल, त्यांनी स्वतःला समजावलं. थंडीतली दुखापत, आता उन्हाळा लागला; मांस आहे, भरून येतं. पण बरा झाला तर सांगेल ना? दुखापत बरी झालेला पैलवान पहिल्यांदा कुणाकडे धावत येतो? आणि पट्टी? बऱ्या खांद्यावर पट्टी कोण लावून फिरतं? कुठेतरी पाणी मुरत होतं. आणि एकदा का पाणी मुरतंय म्हटलं की मास्तरांची नजर अशी, की भिंत ओली नसली तरी त्यांना ओल दिसायची. हे त्यांच्या धंद्याचंच देणं होतं. समोरचा डाव्या पायावर भार टाकतोय म्हणजे तो उजवीकडून येणार, हसतोय म्हणजे दमलाय, दमल्यासारखं करतोय म्हणजे काहीतरी शिजतंय. आयुष्यभर माणसांच्या अंगाकडे असं बघत आलेला माणूस तो. बायको म्हणायची, घरात पाल हलली तरी तुम्हाला वाटतं ती डाव टाकतेय.

घोरपडीचं हे नाव पहिल्याच वर्षी पडलं होतं. पाय हाताला लागला की सोडायचा नाही. समोरचा पडो, लोळो, लाथा झाडो, हा आपला चिकटून. अंगकाठी फार नव्हती, डावही मोजकेच. पण सांगितलेलं करायचा. मास्तरांनी असा विद्यार्थी दुसरा पाहिला नव्हता. बाकीची पोरं सांगितलेलं ऐकायची आणि मग त्यात आपली अक्कल घालायची; हा घालायचा नाही. आणि मास्तरांचं सांगणंही तसं चमत्कारिकच होतं. चालू कुस्तीत मधली विश्रांती मिळाली की इतर कॉलेजांचे शिक्षक कोपऱ्यात ओरडायचे, हातवारे करायचे, आणि समोरच्या कोपऱ्याला सगळा बेत फुकटात कळायचा. मास्तर ओरडायचे नाहीत. ते पोराच्या गळ्याच्या हाडाखाली आपला अंगठा ठेवायचे आणि दाबायचे. अंगठा दाबला म्हणजे जे चाललंय ते सोड, दुसरं धर. काय सोडायचं आणि काय धरायचं ते तालमीत ठरलेलं असायचं. पोरानं मान हलवली की अंगठा निघायचा. मान हलेपर्यंत निघायचा नाही. नवी पोरं आधी कळवळायची, मग शिकायची. घोरपड मात्र पहिल्या दिवसापासून अंगठ्याखाली असा शांत उभा राहायचा, की मास्तरांना वाटे आपण याच्याशी बोलतोय आणि हा ऐकतोय. तीन वर्षं त्या वजनगटात कॉलेजची जागा त्याची होती. आणि ती तीन वर्षं त्याच वजनाचा दुसरा एक पैलवान, बुटाच्या नाड्या बांधून, बाकावर बसून होता. तो मास्तरांचा पोरगा.

याबद्दल मास्तरांचं नाव होतं. प्राचार्य पाहुण्यांना सांगायचे, हे बघा आमचे मास्तर, पोटच्या पोराला तीन वर्षं बाकावर बसवलं, पण चाचणीत जिंकेल त्यालाच उभं केलं. मास्तर अशा वेळी दुसरीकडे बघायचे; त्यांना अभिमान वाटायचा, पण ऐकवतही नसे. कारण तो बाक त्यांच्या ओळखीचा होता. ते स्वतः याच कॉलेजातून बाहेर पडले होते, आणि त्यांची अख्खी कारकीर्द त्याच बाकावर गेली होती. त्यांच्या पुढचा जो होता तो कधी आजारी पडला नाही. थंडीत नाही, पावसाळ्यात नाही, परीक्षेच्या दिवसांत नाही. मास्तर तेव्हा रोज सकाळी तालमीत आल्या आल्या पहिल्यांदा त्याच्या गुडघ्याकडे बघायचे. वाईट असं काही मनात नसायचं, नुसतं बघायचे. निरोपाच्या दिवशी त्यांच्याबद्दल त्या वेळचे शिक्षक म्हणाले होते, "हा फार गुणी. कधीही हाक मारा, तयार." लोक हसले होते. त्यात हसण्यासारखं काय होतं ते मास्तरांना अजून कळलं नव्हतं, पण ते हसू मात्र कानात राहिलं होतं. पुढे स्वतःचा पोरगा बाकावर बसला, तोही हाक मारा तयार असाच, तोही घोरपडीकडे बघायचा. आणि मास्तरांना त्याच्याकडे बघवत नसे. तालमीत त्याने बापाला 'सर' म्हणायचं आणि घरी 'बाबा', असा दंडक होता. हळूहळू पोरगा घरीही काही म्हणेनासा झाला होता. मग या वर्षी थंडीत, चाचणीच्या सकाळी, घोरपडीचा खांदा दुखावला. आदल्या दिवशी सरावात तो वेडावाकडा पडला होता. मास्तरांनी स्वतः तपासलं, तो म्हणाला दुखतंय, मास्तरांनी त्याला बाजूला केलं. दुसरा एखादा शिक्षक असता तर तसाच ढकलला असता त्याला आखाड्यात. त्याच्या जागी मास्तरांचा पोरगा उभा राहिला, विद्यापीठाच्या स्पर्धेत गेला आणि सुवर्णपदक घेऊन आला. त्या पदकावर खेळाडूंच्या राखीव जागेतून त्याला अग्निशमन दलात नोकरी लागली. पुढच्या महिन्यात तो रुजू होणार. आणि ज्याने तीन वर्षं ती जागा राखली तो आज फ्रीज वाहत होता.

घरी पोचले तेव्हा बायको समारंभासाठी त्यांचा सदरा इस्त्री करत होती. ती इस्पितळात एक्स-रे विभागात काम करायची. आज सुट्टी घेतली होती. मास्तर दारातच थांबले आणि तिच्या पाठीकडे बघत राहिले. त्या थंडीत, चाचणीच्या आदल्या दिवशी घोरपड पडल्यावर, त्याचा एक्स-रे हिनेच काढला होता. संध्याकाळी घरी येऊन म्हणाली होती, फोटोत काही नाही आलं. त्या वेळी मास्तर म्हणाले होते, हाडाला नसेल, मांसाला असेल. आणि ती "असेल" म्हणाली होती. त्या 'असेल'मध्ये आता मास्तरांना बरंच काही ऐकू येऊ लागलं. तिने पोराला बाकावर बघून किती वेळा डोळे पुसले होते. एकदा तर तोंडावर म्हणाली होती, तुमच्या नावापायी माझा पोरगा सुकला. आई ती. अंधाऱ्या खोलीत, घोरपडीला मशिनीसमोर उभं करताना, "बाळा, एवढं एक कर" असं म्हणायला कितीसा वेळ लागतो?

"त्या घोरपडीच्या फोटोत," मास्तर म्हणाले, "खरंच काही नव्हतं?"

"आज कुठून आठवला तो फोटो?"

"सांग ना."

"नव्हतं. तेव्हाच सांगितलं होतं. तुम्हीच म्हणालात मांसाला असेल." तिने सदऱ्याची बाही उलटवली. "का? पुन्हा दुखतंय का त्याला?"

"तू त्याच्याशी काही बोलली होतीस?"

"श्वास धर म्हणाले आणि श्वास सोड म्हणाले. तेच बोलते मी सगळ्यांशी." आणि मग इस्त्री उभी ठेवून ती वळली. "अहो, झालंय काय तुम्हाला? उन्हात फिरून आलात का?"

तिचा चेहरा सरळ होता. पण सरळ चेहऱ्याचीच मास्तरांना जास्त भीती वाटायची. आखाड्यात सरळ चेहरा ठेवणारा कधीही पायात शिरतो. ते आत गेले, तोंडावर पाणी मारलं. मोरीच्या आरशात त्यांना आपला ओला चेहरा दिसला आणि त्यांना वाटलं, किती हलका माणूस आहे हा. पंचवीस वर्षं संसार केलेल्या बाईवर एका फ्रीजपायी संशय घेतोय. तरी संशय काही गेला नाही. तो नुसता बायकोवरून उठला आणि पोरावर जाऊन बसला. कारण घोरपड आणि पोरगा हे एकमेकांच्या जिवाचे दोस्त. तीन वर्षं एकमेकांना उचलून आपटलेली माणसं. असल्या दोस्तीत काय ठरत नाही? 'या वर्षी मला उभं राहू दे.' 'राहा.' झालं. मग त्या पदकाला अर्थ काय राहिला? पुढे स्पर्धेत पोरगा जिंकला तो स्वतःच्या ताकदीवर, हे खरं; समोरची पोरं काही त्याची दोस्त नव्हती. पण उंबरा तर दुसऱ्याने ओलांडून दिलेला. आणि आपण? आपण तिकडे मान ताठ करून उभे. सगळ्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट घरच्या धन्याला शेवटी कळते म्हणतात, तसं तर नाही ना झालं? सगळी तालीम आपल्या पाठीमागे हसत असेल. त्यांच्या कानात ते जुनं हसू पुन्हा ऐकू आलं.

कॉलेजच्या सभागृहात पोरगा खुर्च्या मांडत होता. नवे बूट घातले होते, त्यांचा करकर आवाज येत होता. बापाला बघून तो थांबला आणि सवयीने "सर" म्हणाला. मग आज शेवटचा दिवस हे आठवून ओशाळा हसला. हा हसतो आहे कशाला, म्हणून मास्तरांनी नीट पाहिलं. आणि त्यांना दिसलं की काही महिन्यांत पोराचे खांदे रुंद झालेत, मान वर झालीय, तो आता माणसाच्या डोळ्यांत बघून बोलतो. एक पदक माणसाला एवढं बदलतं. तिसरा पैलवान, रणगाडा, मंचावर टेबल ओढत होता, एकट्यानेच, कारण त्याच्या जोडीला दुसरा कोणी मावतच नसे. रणगाडा सगळ्यांत वजनदार गटातला. चार वर्षांत मोजून एकच कुस्ती जिंकला, तीही समोरचा आलाच नाही म्हणून. पण सकाळी तालमीचं दार तो उघडायचा आणि गाद्याही तोच झाडायचा. मास्तरांना तो आवडायचा, कारण त्याच्याकडे लपवण्यासारखं काही नव्हतं.

"चाचणीच्या आदल्या दिवशी," मास्तर पोराला म्हणाले, "घोरपडीला कोणी पाडलं होतं?"

"मीच की." पोराने खुर्ची खाली ठेवली. "तुम्ही होता ना तिथे. कंबरेला धरून टाकला, तर तो खांद्यावर आला. मला इतकं वाईट वाटलं होतं बाबा. रात्री जाऊन मलम चोळून आलो मी त्याला. तर म्हणतो, अरे काही झालं नाही, उद्या बघतोच तुला. आणि सकाळी बघतो तर हा बाजूला बसलेला." त्याने खुर्ची रांगेत सरळ केली. "खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं तसं बरंही वाटलं. मग दिवसभर स्वतःची लाज वाटत होती. तुम्हाला कधी सांगितलं नाही."

हे बोलताना त्याची मान लाल झाली होती. मास्तरांनी त्याच्या पायांकडे बघितलं, हातांकडे बघितलं, कुठे भार पडतोय ते बघितलं. पोरगा दोन्ही पायांवर सारखा उभा होता. हा खोटं बोलत नाही, हे मास्तरांना अगदी पक्कं कळलं आणि त्यांच्या छातीवरचं ओझं उतरायच्या ऐवजी वाढलं. कारण मग राहिलं कोण? 'अरे काही झालं नाही, उद्या बघतोच तुला,' असं रात्री म्हणणारा माणूस सकाळी 'दुखतंय' म्हणतो. मधे झालं काय? रात्र आणि सकाळ यांच्या मधे कोण गेलं होतं त्याच्याकडे?

तालीम सभागृहाच्या मागेच होती. आत घामाचा आणि रबराचा तो कायमचा वास, वर झरोक्यांतून येणारं पिवळं ऊन. घोरपड एकटाच गादीच्या कडेला बसून पॅन्टच्या पायावरची धूळ झटकत होता. कुणाचा तरी मागून आणलेला कोट त्याने घातला होता. पाठीत ताणला होता आणि मनगटावर आखूड होता. मास्तरांना बघून तो उठला. मास्तरांनी दार लोटून घेतलं.

"खांदा कसा आहे?"

"आहे सर. दुखतो अधूनमधून."

"सकाळी फ्रीज कुठल्या खांद्यावर होता?"

घोरपडीने वर बघितलं. त्याच्या तोंडावर भीती आली असती, लाज आली असती, तर मास्तरांना बरं झालं असतं. पण तो नुसता त्यांच्याकडे बघत राहिला, कुस्तीच्या मधल्या विश्रांतीत बघायचा तसा, आता काय करू असं विचारत.

"कोणी सांगितलं होतं तुला?" मास्तरांचा आवाज चढला. "मी रागावणार नाही. फक्त नाव सांग. बाई बोलल्या का तुझ्याशी? एक्स-रेच्या वेळी?"

"बाई? नाही हो सर! बाईंनी तर सांगितलं, काही झालेलं नाही, खुशाल खेळ."

"मग माझ्या पोरानं सांगितलं?"

"त्याला काहीच माहीत नाही सर." आता मात्र घोरपड घाबरला. "त्याला सांगू नका. मरेल तो."

"मग कोण? सांग ना! कोणी सांगितलं तुला दुखतंय म्हणायला?"

घोरपडीने मास्तरांकडे असं बघितलं, की हे आपली परीक्षा घेतायत का काय. मग हळूच म्हणाला, "तुम्हीच की, सर."

मास्तर हसले. खरंच हसले. "मी? मी असं म्हणालो?"

"म्हणाला नाहीत. तुम्ही म्हणता कुठे कधी?" घोरपडीने आपला हात वर केला आणि अंगठा आपल्याच उजव्या खांद्यावर ठेवला, गळ्याच्या हाडाच्या टोकाशी. "तुम्ही इथे धरलंत आणि विचारलंत, दुखतंय? मी नाही म्हणालो. तुम्ही दाबलंत. परत विचारलंत, नीट सांग, दुखतंय ना? मी परत नाही म्हणालो. तरी तुम्ही अंगठा काढला नाहीत. मग माझ्या लक्षात आलं, सर सांगतायत, जे चाललंय ते सोड. मी मान हलवली. दुखतंय म्हणालो. मग तुम्ही काढलात."

बाहेर कोणीतरी ध्वनिक्षेपकात फुंकर मारून बघत होतं. मास्तर गादीवर टेकले. त्यांना ती सकाळ आठवत होती. इतके महिने आठवतच होती, पण अशी नाही. त्यांच्या आठवणीत घोरपड एकदाच बोलत होता, 'दुखतंय सर', आणि ते काळजीने तपासत होते. आता त्यांच्या अंगठ्याला आठवू लागलं. खांद्याचं ते टणक मांस आठवलं, त्यात कुठेच सूज नव्हती, गरमपणा नव्हता. हजार खांदे चाचपलेल्या बोटांना ते कळलं नसेल असं कसं म्हणायचं? कळलं होतं का? की कळून त्यांनी ते बाजूला ठेवलं होतं? समोर, चार पावलांवर, आपला पोरगा बाकावर बसून नाड्या बांधत होता, तो दिसत होता का तेव्हा? दिसत असणारच. पण दिसणं वेगळं आणि त्यासाठी करणं वेगळं. मी काळजी घेत होतो, मास्तर स्वतःला म्हणाले, पोरं दुखणं लपवतात, म्हणून दोनदा विचारावं लागतं. तीनदा विचारावं लागतं. हे खरं होतं. हे इतकं खरं होतं की त्याला कोणी नाव ठेवू शकलं नसतं, आणि म्हणूनच ते त्यांना खोटं वाटू लागलं. सकाळपासून ते ज्याला शोधत होते, बायकोच्या पाठीत, पोराच्या पायांत, तो माणूस आता त्यांच्याच अंगात बसलेला होता, आणि त्याचा चेहरा सरळ होता.

"मग तू विचारलं का नाहीस मला?" ते म्हणाले. "भांडला का नाहीस? शेवटचं वर्ष होतं तुझं. ती नोकरी तुझी होती, गाढवा!"

"मला वाटलं तुमचा काहीतरी बेत असेल, सर." घोरपड साधेपणानं म्हणाला. "तुमचा डाव मला आधी कधी कळलाय? नंतरच कळायचा, कुस्ती जिंकल्यावर. म्हटलं, पुढचं सांगतील कधीतरी. म्हणून पट्टीही ठेवली. सोड म्हणाला असतात तर सोडली असती." मग त्याने जरा थांबून विचारलं, आणि त्या विचारण्यात एवढीशीसुद्धा तक्रार नव्हती, "काही बेत होता ना सर?"

मास्तर गादीवरून उठले. दार ढकलून रणगाडा आत डोकावला, "सर, प्राचार्य आलेत, चला," म्हणाला, आणि सगळ्यांना मंचावर जावं लागलं.

सभागृह भरलं होतं. तिघे पैलवान एका रांगेत बसले, रणगाड्याच्या खुर्चीने एकदा कुरकुर केली तेव्हा लोक हसले. बायको तिसऱ्या रांगेत होती. मास्तर उभे राहिले. त्यांनी रणगाड्यापासून सुरुवात केली. दार उघडणारा, गाद्या झाडणारा, हरल्यावर जिंकणाऱ्याला उचलून धरणारा पैलवान, असं म्हणाले, आणि त्याची ती एकुलती एक जीत सांगितली तेव्हा सगळ्यात मोठ्यानं रणगाडाच हसला. हे सोपं होतं. मग ते घोरपडीकडे वळले. त्याचं पहिलं वर्ष सांगितलं, दुसरं सांगितलं, तिसऱ्या वर्षीची ती कुस्ती सांगितली, ज्यात समोरच्याचा पाय याने इतका वेळ धरून ठेवला की पंचाला घड्याळ बघावं लागलं. आणि मग चौथं वर्ष आलं. मास्तर थांबले. आता सांगायला हवं, त्यांना वाटलं. खांदा धडधाकट होता, याचा नाही, माझा दोष आहे, एवढं एक वाक्य. मग आपल्या पोराकडे बघितलं तर तो त्यांच्याकडेच बघत होता, मान वर करून, डोळ्यांत. ते वाक्य उच्चारलं की ही मान पुन्हा खाली जाणार. नोकरी राहील की जाईल कोण जाणे, पण मान जाणार. आणि नाही उच्चारलं तर हा दुसरा, आखूड कोटातला, उद्या सकाळी पुन्हा कुणाचं तरी कपाट उचलणार, आणि आयुष्यभर वाट बघणार की सर पुढचं कधी सांगतात. दोन पोरं, आणि दोन्ही आपलीच.

"चौथ्या वर्षी," ते म्हणाले, "चाचणीच्या सकाळी, याचा खांदा..." त्यांनी पाण्याचा पेला उचलला, पुन्हा ठेवला. लोक शांत झाले. बायको खुर्चीत पुढे सरकली. "याचा खांदा मी स्वतः तपासला होता. आणि आज मला तुम्हाला सांगायचंय की तो खांदा..."

घोरपड उभा राहिला. कोणी बोलावलं नव्हतं, अशी रीतही नव्हती. तो ध्वनिक्षेपकापर्यंत आलाही नाही, जागेवरूनच, कोटाची बटणं ताणत, सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "फार दुखत होता, सर. तुम्ही थांबवलं नसतंत तर मी कायमचा गेलो असतो." आणि मास्तरांकडे बघून त्याने मान हलवली, एकदाच, कुस्तीत हलवायचा तशी: कळलं, सोडलं.

टाळ्यांचा कडकडाट झाला. प्राचार्य पाहुण्यांच्या कानाशी काहीतरी सांगू लागले, पाहुणे कौतुकाने मास्तरांकडे बघू लागले. पोरगा तर उभा राहून टाळ्या वाजवत होता, डोळे भरले होते त्याचे. आता बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. सुंठेवाचून खोकला गेला होता. मास्तरांना हायसं वाटलं. खांद्यांतून, पाठीतून, पार पोटऱ्यांपर्यंत मोकळं वाटलं, आणि ते मोकळं वाटत असतानाच त्यांना कळलं की हे आपल्याला नवीन नाही. त्या थंडीतल्या सकाळी, या पोरानं मान हलवली आणि आपण अंगठा काढला, तेव्हा असंच वाटलं होतं. अगदी असंच. आता कोणाला काही विचारायचं राहिलं नव्हतं.

ते टाळ्या थांबायची वाट बघत उभे राहिले. टाळ्या थांबल्यावर त्यांनी पुढचं नाव घेतलं, पोराचं.